वीज कमी पडणं वेगळं, ग्रीड पडणं वेगळं

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदारांचा प्रश्न आहे. गावचा शेतीचा फीडर (सबस्टेशनमधून निघणारी वाहिनी) गेल्या वर्षी सौर वाहिनीवर, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या योजनेत गेला, घराच्या गच्चीवरही त्यांनी तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. वीज खात्यातून निवृत्त झालेले त्यांचे मामा मात्र म्हणतात, "हे असंच वाढत गेलं तर स्पेनसारखं आपलंही ग्रीड एक दिवस बसणार." मामांचं खरं का? जोडीला दोन तक्रारीही आहेत. पावसाने उघडीप दिली की भर दुपारी घरचा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रीडला जोडणारं यंत्र) 'ग्रीड व्होल्टेज जास्त' असं दाखवून थांबतो. आणि लाईन गेली की डोक्यावर ऊन असूनही सोलर बंद पडतं. असं का?

माझी नोकरी लोड डिस्पॅचची, म्हणजे कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते क्षणाक्षणाला ठरवण्याची. तीसेक वर्षं दिवसपाळी-रात्रपाळी करत त्या मोठ्या पडद्यासमोर काढली. तेवढ्या बळावर सांगतो, मामांचं अर्धं खरं आहे. पण ते जे अर्धं बोलून दाखवतात ते नव्हे, दुसरं.

आधी एक घोळ मिटवू. 'लाईट गेली' हे आपले दोनच शब्द सगळ्याला पुरतात. पण वीज कमी पडून जाणं आणि ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रं आणि वाहिन्यांचं जोडलेलं जाळं, पडून जाणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कमी पडणार असेल तर ते आदल्या दिवशीच कळतं. मग पाळ्या लागतात, कुठला फीडर किती वाजता बंद करायचा याचा तक्ता निघतो. भारनियमनाची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. लोक आम्हाला शिव्या घालायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण तेव्हा आम्ही करत होतो ते ग्रीड उभं ठेवण्याचंच काम. ग्रीड पडतं ते काही सेकंदांत, आणि बऱ्याचदा हाताशी भरपूर वीज असताना. ३० जुलै २०१२ ला रात्री अडीचच्या सुमारास उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उत्तर, पूर्व आणि ईशान्य असं तिन्हीकडचं गेलं. सुमारे ६० कोटी लोकांचा भाग अंधारात. सुरुवात झाली ती बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या एका वाहिनीपासून. काही वाहिन्या दुरुस्तीसाठी बाहेर होत्या, उरलेल्यांवर नको तेवढा भार होता. तेव्हा देशातली सौरऊर्जा मोजदादीतही नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तिथेही शहराला वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बाहेर गेल्या, आणि अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रीडपासून तोडून चालू ठेवणारी जी नावाजलेली व्यवस्था आहे ती त्या दिवशी टिकली नाही. वीज होती, पण ती पोचवणारी आणि तोलून धरणारी यंत्रणा कमी पडली.

मामांच्या डोक्यात चित्र असं असणार: ढग आला, सौर वीज घटली, ग्रीड बसलं. तसं सहसा होत नाही. सूर्य किती वाजता मावळणार हे पंचांगात छापलेलं असतं, आणि जे आधीपासून ठाऊक आहे त्याची तयारी करता येते.

याचं एक उदाहरण तुम्ही स्वतः पाहिलंय. ५ एप्रिल २०२०, टाळेबंदीतला रविवार, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवा असं आवाहन. आधी दोन दिवस आमच्या क्षेत्रात दुसरा विषय नव्हता. सगळ्या देशाने एकदम दिवे घालवले आणि नऊ मिनिटांनी एकदम लावले, तर धक्का बसणार दोन्हीकडून. म्हणून पावणेनऊच्या आधीच कोळशाचे संच खाली आणून ठेवले आणि जलविद्युत शक्य तेवढी वर नेली, म्हणजे दिवे गेले की ती झपकन खाली आणता येईल. पावणेनऊ ते नऊ दहा या पंचवीस मिनिटांत देशाची मागणी सुमारे १ लाख १७ हजार मेगावॅटवरून ८६ हजारांच्या आत आली. ३१ हजार मेगावॅटची घट, म्हणजे महाराष्ट्राची उन्हाळ्यातली ऐन गर्दीची मागणी होईल तेवढी. त्यातली साडेसतरा हजार मेगावॅटची घट एकट्या जलविद्युत केंद्रांनी अंगावर घेतली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या मध्ये राहिली. तो आलेख मी आजही जपून ठेवलाय. एवढी मोठी उडी, पण तारीख-वेळ ठरलेली होती, म्हणून पेलता आली.

फ्रिक्वेन्सी म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे तुमच्या वडिलांच्या काळात विहिरीवर कूपरचं नाहीतर किर्लोस्करचं ऑइल इंजिन असेल, एका बाजूला भलं जड चाक असलेलं. पट्टा चढवून पंपाचा भार आला की इंजिन क्षणभर दबायचं, फटफट जड व्हायची, पण बंद नाही पडायचं. तो क्षण ते चाक ओढून न्यायचं. तेवढ्यात गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) डिझेल वाढवायचा आणि इंजिन पुन्हा लयीत यायचं. कोळशाचा ५०० मेगावॅटचा संच हेच करतो. त्याचा रोटर (फिरणारा भाग) मिनिटाला ३००० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ५०, तेच आपले ५० हर्ट्झ, तीच फ्रिक्वेन्सी. देशातले असे सगळे संच तारांनी एकमेकांना बांधलेले, सगळे एकाच लयीत. कुठे तरी भार वाढला तर सगळे मिळून थोडे दबतात. ५०० मेगावॅटच्या एका संचाच्या नुसत्या फिरण्यात एवढी ऊर्जा साठलेली असते की वाफ तोडली तरी हिशेबाने तो चारेक सेकंद पूर्ण वीज देऊ शकेल. त्या चार सेकंदांवर आमची सगळी शास्त्रं उभी आहेत.

सौर पॅनेलला चाक नाही. पवनचक्कीचं पातं फिरताना दिसतं, पण आजकालच्या पवनचक्क्या ग्रीडला इलेक्ट्रॉनिक्समार्फत जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या पात्याचा जडपणा ग्रीडपर्यंत आपोआप पोचत नाही. दुपारी सौर चढलं आणि कोळशाचे संच बंद करत गेलो, की वीज तेवढीच राहते, चाकं कमी होतात.

हे किती गंभीर, ते आकड्यात पाहा. देशात दीड लाख मेगावॅटचे फिरते संच चालू आहेत असं धरा. अचानक हजार मेगावॅटचं केंद्र ट्रिप झालं, म्हणजे आपोआप तुटून बंद पडलं, तर पहिल्या क्षणी फ्रिक्वेन्सी सेकंदाला ०.०४ हर्ट्झ या वेगाने पडेल. फिरते संच निम्म्यावर आणले तर ०.०८. दोन्ही पेलण्यासारखे आहेत. पण तेच हजार मेगावॅट दहा हजार मेगावॅटच्या छोट्या ग्रीडमधून गेले तर वेग ०.६ च्या वर जातो. आपल्याकडे ४९.४ ला पोचलं की रिले (बिघाड हेरून वीज तोडणारी उपकरणं) आपण होऊन फीडर तोडायला लागतात. म्हणजे छोट्या ग्रीडला सेकंदभराचीच सवड. ३१ डिसेंबर २०१३ ला तुमच्याच जिल्ह्यातून रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जुळलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच लय आहे. त्या वाहिनीचं कौतुक पेपरात आलं ते दक्षिणेला वीज मिळणार म्हणून. आम्हाला त्यात दिसलं ते मोठं झालेलं चाक. चाकाच्या बाबतीत भारत आज तरी श्रीमंत आहे.

आयर्लंड तसा नाही. छोटं बेट, वारा भरपूर. तिथे नियमच आहे की कुठल्याही क्षणी बिनचाकाच्या विजेचा वाटा ७५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि त्यांनी गंमत काय केली, मनीपॉइंट या तेव्हाच्या कोळशाच्या केंद्राच्या आवारात शंभर टनांहून जड चाक लावलेलं एक यंत्र बसवलं. ते वीज तयार करत नाही, नुसतं फिरत राहतं. विहिरीवरच्या इंजिनाचं चाक परत आलं म्हणा ना. फिरतं ठेवायला थोडी वीज खातं, बदल्यात लय देतं.

मामांचं खरं असलेलं अर्धं ते हेच. कोळशाच्या आणि पाण्याच्या संचांबरोबर ग्रीडला विजेखेरीज आणखी काही गोष्टी फुकट मिळत होत्या: जडपणा, व्होल्टेज धरून ठेवणं, शॉर्टसर्किट झालं तर रिलेला कळेल एवढा दणकून करंट देणं. फुकट मिळत होत्या म्हणून त्यांचं बिल कधी कुणी फाडलं नाही, आणि टेंडरात त्यांची ओळही कधी आली नाही. सौर प्रकल्पाचं टेंडर निघतं ते युनिटच्या दरावर. मग या गोष्टी कोण देणार, हा प्रश्न नंतर उगवतो.

आता स्पेन. २८ एप्रिल २०२५, दुपारी बारा तेहेतीस. स्वच्छ ऊन, मागणी बेताची, आणि तयार होणाऱ्या विजेत निम्म्याहून जास्त सौर. पाच सेकंदांत १५ हजार मेगावॅट गेले, स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही अंधारात. जगभर मथळे लागले, 'सौरऊर्जेमुळे'. चौकशीत पुढे आलं ते असं: तिथे वीज कमी पडली नव्हती, चाकाचा प्रश्नही मुख्य नव्हता. व्होल्टेज चढत गेलं आणि ते खाली आणणारं कुणी नव्हतं.

वाहिनी भरलेली असली की व्होल्टेज पडतं आणि रिकामी असली की चढतं. लांबलचक ४०० केव्हीची वाहिनी मोकळी ठेवली तर ती स्वतःच कॅपॅसिटरसारखी वागते आणि टोकाचं व्होल्टेज फुगतं. आपल्याकडे हे सौरच्या आधीपासून माहीत आहे. आषाढ-श्रावणातल्या रात्री, राज्यभर पाऊस, शेतीपंप बंद, पंखे-एसी कमी, मागणी तळाला. अशा रात्री चार-चार ४०० केव्हीच्या वाहिन्या आम्ही मुद्दाम उघडून ठेवायचो, कारण त्या चालू ठेवल्या तर व्होल्टेज ४२० च्या पलीकडे जायचं. नव्या मुलांना हे सांगितलं की ती बावचळायची: वीज वाहून न्यायला वाहिनी बांधली आणि तुम्ही ती बंद करता? करतो, कारण रात्री दोनला तिच्यातून जाणाऱ्या विजेपेक्षा तिने फुगवलेल्या व्होल्टेजची भीती जास्त असते.

हे व्होल्टेज ओढून धरायला रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारांत नुसती मागेपुढे होत व्होल्टेज उचलणारी वीज) शोषून घेणारं कुणीतरी लागतं. फिरते संच ते क्षणाक्षणाला करतात, कमी-जास्त. स्पेनमध्ये त्या वेळच्या नियमांनुसार सौर आणि पवन प्रकल्प एका ठरलेल्या प्रमाणात चालायचे. व्होल्टेज काय म्हणतंय याकडे पाहून आपली वागणूक बदलायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. यंत्रात तशी सोय असते, पण तसं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ज्या पारंपरिक केंद्रांवर ही जबाबदारी होती, त्यांनीही अपेक्षेइतकं शोषलं नाही. व्होल्टेज चढलं, एक प्रकल्प स्वतःला वाचवायला ट्रिप झाला. तो जे काही थोडं शोषत होता तेही गेलं, वाहिन्या आणखी मोकळ्या झाल्या, व्होल्टेज आणखी चढलं, दुसरा ट्रिप. पत्त्यांचा बंगला.

तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. पाऊस होऊन गेलाय, कुणाच्या मोटारी चालू नाहीत, ऊन मात्र लख्ख. गावठाणात घरोघरी छतावरचं सोलर, बाहेर सौर प्रकल्प, वापर नगण्य. वीज उलटी सबस्टेशनकडे चालते आणि टोकाच्या घरात २३० च्या जागी २५५-२६० होतात. इन्व्हर्टर घाबरून थांबतो. स्पेनचंच छोटं रूप, फरक एवढाच की तुमचा इन्व्हर्टर थांबला की गावचं व्होल्टेज उतरतं, तिथे मोठ्या वाहिन्यांवर ते आणखी चढलं. उपाय काय, ते शेवटी सांगतो.

त्याआधी सेटिंगबद्दल, कारण माझ्या मते खरा धोका ढगात नाही, सेटिंगमध्ये आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळाने मोठ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. वाहिनीवर दोष आला की व्होल्टेज क्षणभर खचतं आणि परत येतं, असं त्या दिवशी ओळीने बऱ्याच वेळा झालं. पवनचक्क्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इतक्या वेळा खचलं तर थांब' अशी एक मर्यादा बसवलेली होती, आणि ती ग्रीड चालवणाऱ्यांना माहीतच नव्हती. मर्यादा गाठली तशा त्या एकदम थांबल्या आणि अख्खं राज्य, साडेआठ लाख ग्राहक, अंधारात. ९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये वाहिनीवर आकाशातली वीज पडली, समुद्रातला एक मोठा पवन प्रकल्प आणि एक गॅस केंद्र जवळजवळ एकदम गेलं, फ्रिक्वेन्सी ४८.८ ला आली, अकरा लाख ग्राहक तोडावे लागले. आपल्याकडे राजस्थानात सौर प्रकल्पांची जी दाटी झालीय, तिथे २०२२ पासून कुठल्यातरी वाहिनीवर साधा दोष यावा आणि एका फटक्यात हजाराहून अधिक मेगावॅट सौर वीज गळावी असं वारंवार घडलंय. दोष ऐंशी-शंभर मिलिसेकंदांत दूर झालेला असतो. तेवढा वेळ दम धरून जोडलेलं राहायचं, असा आपल्याकडे नियम आहे. पण नियम कागदावर असतो आणि आकडा इन्व्हर्टरमध्ये.

एकदा एका प्रकल्पाच्या बाबतीत हाच घोळ झाला. नाव सांगत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी, लांबच्या कुठल्याशा वाहिनीवर दोष आला की यांचा अर्धा प्रकल्प गायब. दर वेळी पत्र, दर वेळी उत्तर: 'आमच्याकडे सर्व काही नियमानुसार आहे.' शेवटी इन्व्हर्टरमधल्या नोंदी मागवून घेतल्या. निम्म्या इन्व्हर्टरांत कारखान्यातून आलेलं परदेशी सेटिंग तसंच होतं. बसवणारा गडी निम्मे बदलून पुढच्या साइटवर गेला होता. कमिशनिंगच्या (प्रकल्प चालू करतानाच्या तपासणीच्या) कागदावर मात्र सगळ्यांपुढे बरोबरची खूण. लॅपटॉप लावून सेटिंग बदलायला अडीच दिवस लागले, पत्रव्यवहाराला पाच महिने. सौर वाढल्याने ग्रीड पडेल असं कुणी म्हटलं की मला तो बरोबरच्या खुणांचा कागद आठवतो.

वीज कमी पडण्याचा जो दुसरा प्रश्न, त्यात सगळ्यात अवघड वेळ दुपार नाही, संध्याकाळ आहे. मे महिन्यात पाचला सूर्य कलतो, सौर वीज दर पंधरा मिनिटांनी हजारोंनी घटत जाते, आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी लागतात. दोन-अडीच तासांत दरी भरून काढायची. कोळशाचे संच यासाठी घडवलेले नाहीत. ५०० मेगावॅटचा संच दुपारी जास्तीत जास्त ५५ टक्क्यांवर, म्हणजे २७५ पर्यंत खाली आणता येतो. आता टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत आणायचं बंधन आलंय. पूर्ण बंद केला तर गार झालेला संच परत पेटवून जोडायला दहा-बारा तास, म्हणजे संध्याकाळी तो मिळणार नाही. म्हणून त्याला दुपारी अर्धपोटी चालू ठेवायचं आणि संध्याकाळी पळवायचं. रोज असं तापवलं-निववलं की बॉयलरच्या नळ्या फुटायला लागतात. चंद्रपूर-कोराडीकडच्या लोकांशी बोललात तर ते याबद्दल तासभर बोलतील, आणि प्रेमाने बोलणार नाहीत.

संध्याकाळची खरी राणी कोयना. १,९६० मेगावॅट, बटण दाबलं की मिनिटांत हजर. पण तिचं पाणी मोजून मिळतं. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मुभा दिलीय. सगळे संच पूर्ण ताकदीने चालवायचे म्हटलं तर वर्षातल्या तासांच्या पाचव्या हिश्शालाही ते पाणी पुरत नाही. म्हणून ते घरातल्या तुपासारखं वाढायचं. नोकरीत मी सगळ्यात जास्त भांडलो असेन ते या पाण्यावरून. मार्चमध्ये कुणीतरी सढळ हाताने वापरलं की मेच्या संध्याकाळी आमचे हात बांधलेले. योगायोग असा की कोयनानगर पाटण तालुक्यात आणि वनकुसवड्याच्या पवनचक्क्याही पाटण तालुक्यातच. वारा जोरात असतो तो जून ते ऑगस्ट, नेमकं धरण भरत असतं तेव्हा. तेव्हा पवनची वीज घ्यायची आणि कोयनेचं पाणी उन्हाळ्यासाठी राखायचं, हा या दोघींचा जुना संसार आहे.

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत सांभाळायची तर घाटघरसारखी योजना हवी. अकोले तालुक्यात वरचं धरण, खाली चोंढ्याला दुसरं, मध्ये सह्याद्रीचा कडा. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. चार युनिट घातले की साधारण तीन परत मिळतात. २५० मेगावॅटची ही योजना २००८ पासून आहे. पूर्वी आम्ही पाणी रात्री चढवायचो, कारण जादा वीज रात्री असायची. आता दुपारी चढवायला हवं. यंत्र तेच, घड्याळ उलटं. सह्याद्रीत अशा आणखी बऱ्याच योजनांचे करार झालेत, भिवपुरी, शिरवटा वगैरे. धरणं आणि बोगदे बांधायची कामं आहेत, वर्षं लागतील. तोवर बॅटरी. बॅटरीचे दर गेल्या काही वर्षांत कोसळलेत, आणि तिची तत्परता तर कोयनेलाही जमणार नाही अशी, सेकंदाच्या आत. दोन-चार तासांच्या दरीला ती उत्तम. पावसाळ्यात आठ दिवस सूर्य दिसला नाही तर तिचा उपयोग नाही. त्यासाठी कोळसा काही वर्षं ठेवावाच लागेल, कुणाला आवडो न आवडो.

महाराष्ट्राची सगळ्यात मोठी बॅटरी मात्र कुठल्याच यादीत नसते. ती म्हणजे तुमची विहीर आणि शेततळं. शेतीपंपांना आठवड्याची पाळी असायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन बांधावर जायचं, साप-विंचवाची भीती, थंडीत कुडकुडणं. हे तुम्हाला मी सांगायला नको. सौर वाहिनीमुळे ही रात्रीची मागणी दुपारी आली. १६ हजार मेगावॅटचं लक्ष्य असलेल्या या योजनेचं कौतुक होतं ते शेतकऱ्याच्या झोपेसाठी, आणि ते योग्यच आहे. पण ग्रीडच्या दृष्टीने पाहाल तर जेव्हा ऊन तेव्हाच उपसा, म्हणजे वीज साठवायची गरजच संपली. पाणी साठलं, काम झालं. जगात फार थोड्या ठिकाणी एवढी मोठी मागणी नुसतं वेळापत्रक बदलून उचलून ठेवता येते. घरगुती आणि कारखान्यांच्या ग्राहकांसाठी हेच काम दराने करायचं, दुपारी सूट आणि संध्याकाळी जादा, असं केंद्राच्या नियमांत २०२३ साली आलंय.

यात तुम्हाला एक विनंती, ती म्हणजे ऑटो स्विचची. जवळपास प्रत्येक मोटारीवर तो असतो, लाईन आली की मोटार आपोआप सुरू. सोय आहे, मान्य. पण फीडर चालू केल्याच्या क्षणी दोनशे मोटारी एकदम सुरू होतात, आणि मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. फीडर परत ट्रिप, नाहीतर डीपी जळाला. कंट्रोल रूममध्ये बसून मोठा ब्लॅकआऊट सावरताना अशा फीडरांची जेवढी धास्ती असते तेवढी सौर प्रकल्पांची नसते. मोठ्या बंदनंतर ग्रीड उभं करायचं म्हणजे एकेक फीडर अंदाजाने जोडत जायचं. समोर पन्नास मेगावॅट अपेक्षित असताना एकशे वीस आले तर चालू झालेला संच पुन्हा बसतो.

दुसरी तक्रार, लाईन गेल्यावर सोलर बंद पडण्याची. ते मुद्दाम तसं आहे. लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून समोर जिवंत ग्रीड दिसलं नाही तर इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. शिवाय साधा इन्व्हर्टर ग्रीडच्या लयीत लय मिसळतो, स्वतः लय धरू शकत नाही. कीर्तनात टाळकरी असतो तसा, पखवाज थांबला की त्याला ठेका उरत नाही. स्वतः ठेका धरणारे इन्व्हर्टर आता निघालेत, त्यांना सोबत बॅटरी लागते. मोठ्या ग्रीडमध्ये ते पुरेशा संख्येने आले की चाकांची उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. मामांना हे जरूर सांगा, कारण त्यांच्या नोकरीच्या काळात ते नव्हतं. घरी मात्र लाईन नसताना वीज हवीच असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. तीन किलोवॅटसाठी तो खर्च परवडतो का, ते तुमच्याकडे लाईन किती वेळा जाते त्यावर ठरवा. महिन्याला दोन-चार तासांसाठी मी तरी घेणार नाही.

आता व्होल्टेजचा उपाय. घरच्या इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून देतो असं कुणी सांगितलं तर करू नका, फ्रिज आणि टीव्ही तुमचेच आहेत. एक आठवडा दुपारी साडेबारा आणि अडीचला मीटरवरचं व्होल्टेज वहीत लिहा, त्या दिवशी पाऊस होता का, मोटारी चालू होत्या का, तेही. मग ती वही घेऊन ३३/११ केव्ही सबस्टेशनला जा. तिथे यंत्रचालक दर तासाला लॉगशीट भरतो. त्याच दिवसांचं दुपारचं ११ केव्हीचं रीडिंग पाहायला मागा. ते ११.५ च्या वर दिसलं तर शाखा अभियंत्यांना दोनच गोष्टी विचारायच्या. एक, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारी जोडणी) अजून रात्रीच्या जुन्या भाराच्या हिशेबाने वरच ठेवलाय का? दोन, कॅपॅसिटर बँक (व्होल्टेज वर उचलणारी यंत्रणा) दुपारी मोटारी बंद असतानाही चालूच राहते का? बहुतेक ठिकाणी यातलं एक तरी निघतं. दोन्ही ठीक असतील तर सौर प्रकल्पाच्या इन्व्हर्टरना रिअॅक्टिव्ह पॉवर शोषायला सांगता येतं. ते काम वरून पत्र गेल्याशिवाय होत नाही, तेव्हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मामांना सोबत न्या. लॉगशीट कशी वाचायची ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल.